चक्कीच्या कनेक्शनवरची मोटर

मोटर आमच्या घरी आली ती बैलजोडीमागे दोरानं बांधलेली. पुढे गाडीवान, मग बैल, आणि मोटरच्या आत, काचेमागे, ताठ बसलेले माझे सासरे. डोक्याला फेटा आणि हातात मोटर वळवायचा दांडा. इंदुरात, बडा गणपतीच्या बाजूनं ही मिरवणूक आमच्या गल्लीत वळली तेव्हा निम्मी गल्ली ओट्यावर आलेली होती आणि उरलेली येत होती. मी नवी सून, लग्नाला पाचच महिने झालेले. पदर दातात धरून मी हसू आवरत होते. शेजारी सासूबाई उभ्या होत्या, त्यांना काही आवरावं लागत नव्हतं.

"ही ठेवणार कुठे?" त्यांनी एवढंच विचारलं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते संस्थानच्या मोटरखान्यात तीस वर्षं होते. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, मोटरखान्यातल्या मोटारी चारी दिशांना गेल्या आणि मामंजी पेन्शन घेऊन घरी बसले. बसले म्हणायचं इतकंच. दिवसातून चार वेळा ते विहिरीच्या रहाटाला तेल घालत, आणि तो रहाट इतका गुळगुळीत झाला होता की बादली सोडली की हातच सटकायचा.

ही मोटर एका सरदार घराण्यातली. तिथल्या थोरल्या बाईसाहेबांसाठी फार वर्षांपूर्वी विलायतेहून मागवलेली, आणि बिजलीवर चालणारी. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. पडदे सोडून बाईसाहेब तिच्यातून देवळात जायच्या. त्या गेल्या, मोटर गोदामात गेली आणि तिथे वीसेक वर्षं उभी राहिली. आता घरच्यांना गोदाम रिकामं करायचं होतं. तरुणपणी मोटरखान्यात ही मोटर मामंजींच्या हाताखाली असायची म्हणून त्यांना बोलावून विचारलं, "घेऊन जाता का?" मामंजी जागच्या जागी हो म्हणाले. घरी विचारायचं तेवढं राहून गेलं.

दिसायला मोटर म्हणजे चाकांवर उभं केलेलं काचेचं कपाट. चारी बाजूंनी उंच काचा, आत मखमलीचं बाक, पुढे एक पेटी आणि मागे तशीच एक पेटी, बॅटऱ्यांसाठी. पहिल्याच संध्याकाळी गल्लीनं तिचं बारसं केलं. 'काँच की अलमारी.' मामंजींना ते नाव कळलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मोटर चालायला लागली की लोकांची तोंडं बंद होतील, असं ते म्हणाले.

आमच्या अंगणात एका कडेला पत्र्याची शेड होती. एके काळी तिथे घोडा असायचा. माझ्या वेळी तिथे सासूबाईंची लाकडं, गोवऱ्या, कोळसा आणि वर्षभराच्या चिंचेची मडकी होती. तीन दिवस वाटाघाटी चालल्या. बोलणी दोघांत थेट होत नव्हती, माझ्यामार्फत होत होती. "सूनबाई, सांग त्यांना, मोटर उन्हात राहिली तर मखमल विटेल." "सूनबाई, विचार त्यांना, लाकडं भिजली तर स्वयंपाक मखमलीवर करू का?" शेवटी शेडीचा मोठा अर्धा मोटरला आणि लहान अर्धा लाकडांना असं ठरलं. लहान अर्धा मोठा कसा झाला ते मामंजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

मोटर उभी राहिली. आता तिच्या पोटात बिजली भरायची होती.

जुन्या बॅटऱ्यांची माती झाली होती. मामंजींनी महूला लष्करी सामानाच्या लिलावातून ट्रकच्या बारा बॅटऱ्या आणल्या आणि सहा पुढे, सहा मागे अशा मांडल्या. त्या भरायच्या कशा? बाजारात रेडिओच्या बॅटऱ्या भरून देणारं एक दुकान होतं, तिथे ते गेले.

"कितनी हैं?" दुकानदारानं विचारलं.

"बारा."

"छोड़ जाओ, बाबूजी. हफ्ताभर में कर देंगे."

"रोज लागतील," मामंजी म्हणाले.

दुकानदारानं हात जोडले.

तेव्हा मामंजींनी ठरवलं की बॅटऱ्या भरायची सोय घरीच करायची. मोटरखान्यात होती तशी. त्यांना एक मिस्त्री भेटले. वयानं मामंजींएवढेच, आधी एका टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. ते टॉकीज बंद पडलं होतं आणि तिथलं एक धूड मिस्त्रींच्या अंगणात पडून होतं. एका लोखंडी पाटावर शेजारी शेजारी बसवलेली दोन पिंपं, मधून एकच दांडा. एक पिंप मोटर, दुसरं डायनामो. मिस्त्री त्याला जोडी म्हणायचे.

सासूबाईंना हे समजावून सांगायची जबाबदारी मिस्त्रींनी घेतली. "भाभीजी, घर की बिजली समझो झूला है. इधर से उधर, उधर से इधर. बैटरी को झूला नहीं चलता, उसको नल चाहिए, एक तरफ से धार. तो ये पहला वाला झूले पे बैठ के घूमता है, और दूसरी को घुमाता है. दूसरी नल खोल देती है."

"म्हणजे नवरा-बायकोच की," मामंजी उत्साहानं म्हणाले. "एक फिरतो म्हणून दुसरी फिरते."

"आणि काम कोण करतं?" सासूबाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी जरा विचार केला. "काम तो दूसरी करती है," ते म्हणाले. त्या दिवसापासून मिस्त्रींना आमच्या घरी चहाबरोबर पोहे मिळायला लागले.

जोडीला दिव्यांचं साधं कनेक्शन पुरणार नव्हतं, मशिनीचं वेगळं कनेक्शन हवं होतं. अर्ज करायला मामंजी बिजलीघरात गेले आणि हिंदीत लिहायला यांना बरोबर घेतलं. हे म्हणजे माझे यजमान, कापड मिलच्या ऑफिसात कारकून. पुढचा संवाद मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे की मीच तिथे होते असं मला वाटतं.

"कौन सी मशीन लगाओगे?" बाबूनं विचारलं.

"मोटर."

"मोटर किसकी? कुएँ की, खराद की, कि चक्की की?"

"गाड़ी की."

"गाड़ी में तो पेट्रोल डलता है, बाबूजी."

"ही बिजली की गाडी आहे," मामंजी म्हणाले. चिडले की त्यांची हिंदी मराठीत मिसळायची. "उसको बिजली खिलानी पडती है. घर पे."

बाबूनं अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. गाडीसाठी रकाना नव्हता. मामंजींनी खुर्ची पुढे ओढली आणि सबुरीनं सांगायला घेतलं, "देखिए. एक चक्का होता है. वो गोल घूमता है. उसके साथ दूसरा चक्का घूमता है. दोनों घर्रघर्र आवाज करते हैं."

बाबूचा चेहरा उजळला आणि तो अस्सल इंदुरी बोलीवर आला. "तो चक्की बोलो ना, भिया! इतनी देर से क्या केरिये हो!" आणि त्यानं रकान्यात 'चक्की' लिहिलं.

मामंजींना वाटलं बाबूनं उपमा दिली. यांनी मात्र लिहिताना पाहिलं होतं. "मग बोलला का नाहीत?" मी नंतर विचारलं. हे म्हणाले, "अगं, ऑफिसातनं अर्ध्या तासाची सुट्टी काढून गेलो होतो, आणि बाबूनं शिक्का उचलला होता. उचललेला शिक्का मी कधी थांबवत नाही."

अर्ज गेला, पण कनेक्शन आलं नाही. मशिनीला सरकारी तपासनिसाची मंजुरी लागायची, आणि मध्यभारताला राजधान्या दोन. उन्हाळ्यात सरकार इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. आमची फाईल तपासनिसाच्या टेबलावर पोचली आणि आठवड्याभरात टेबलासकट ग्वाल्हेरला गेली. मामंजी कचेरीत चौकशीला गेले तर तिथे एक चपराशी उन्हाला पाठ करून बसला होता. "अब तो साहब गर्मी में आएँगे," तो म्हणाला. "कोयल के साथ."

तो हिवाळा मोटरनं अंगणात काढला. मामंजी रोज सकाळी तिला ढकलून शेडीबाहेर आणत, काचा पुसत आणि आत बसून वर्तमानपत्र वाचत. बारा वाजता ते जेवायला उठत, आणि मग आमची वेळ सुरू व्हायची. कारण शोध लागला होता सासूबाईंना. चारी बाजूंनी काच, आत ऊन भरपूर, धूळ नाही, कावळे नाहीत, माकडं नाहीत. त्यांनी बाकावर जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर पापड मांडले. दुसऱ्या दिवशी पुढच्या पेटीवर कुरडया. तिसऱ्या दिवशी वळवायच्या दांड्यावर शेवया लोंबायला लागल्या. दुपारच्या झोपेतून उठून मामंजी अंगणात आले, मोटरच्या दारापाशी गेले आणि त्यांनी आत पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "सांग त्यांना, ह्या बाकावर बाईसाहेब बसायच्या."

"सूनबाई, सांग त्यांना, एवढे पांढरे पापड बाईसाहेबांच्याही घरी झाले नसतील."

खरंच झाले नसते. त्या वर्षी गल्लीतल्या चार घरांचे पापड आमच्या मोटरमध्ये वाळले.

कोकिळेचं माहीत नाही, पण उकाडा सुरू झाला तसे साहेब आले आणि मंजुरीही आली. मग एक दिवस गल्लीत खांब उभा राहिला, तारा ओढल्या गेल्या, शेडीच्या भिंतीवर लाकडी फळी, फळीवर मीटर आणि मोठ्ठा खटका. मिस्त्रींनी अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून त्यात तांब्याचा पत्रा, मीठ आणि कोळसा पुरला. मिठाला सासूबाईंनी काही म्हटलं नाही, पण कोळशाचं पोतं आपलंच आहे हे त्यांनी तेवढ्यात ओळखलं.

जोडी सुरू करायच्या दिवशी मामंजींनी फेटा बांधला. नारळ फोडला. मिस्त्रींनी खटका ओढला आणि आधी एक हुंकार, मग घरघर, मग असा काही घर्राटा उठला की विहिरीवरची कबुतरं उडाली. मामंजी बॅटऱ्यांवर वाकले होते. थोड्या वेळानं पाण्यात बारीक बुडबुडे यायला लागले. "आले," ते म्हणाले. मी पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेजाबाच्या वासानं असेल, असं हे म्हणाले. मला तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता जोडी सुरू झाली आणि सव्वानऊला दारात शेजारच्या काकू उभ्या. कमरेवर पत्र्याचा डबा.

"बारीक दळायचंय," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागे हलवायाची बायको, तिच्याही डोक्यावर डबा. तिच्या मागे आणखी दोघी. बिजलीघरच्या माणसांनी खांब उभा करताना गल्लीला सांगितलं होतं की इथे चक्की लागतेय. आमच्या बाजूला चक्की नव्हती, बायकांना डबे घेऊन लांब जावं लागायचं. घर्राटा ऐकला आणि सगळ्या निघाल्या.

मामंजी बाहेर आले. "ही चक्की नाही. ये गाड़ी के लिए है."

"गाड़ी के लिए चक्की?" हलवायाच्या बायकोनं विचारलं. "गाड़ी आटा खाती है?"

"आटा नहीं, बिजली!"

"तो बाबूजी, गाड़ी का हो जाए फिर हमारा पीस देना. हम बैठे हैं." आणि ती ओट्यावर बसली. बाकीच्याही बसल्या. सासूबाईंनी पाणी दिलं, मग चहा दिला, आणि दुपारपर्यंत ओट्यावर चार डबे आणि चार बायका होत्या. मामंजींनी त्यांना आत नेऊन जोडी दाखवली, बॅटऱ्या दाखवल्या, झुला आणि नळ समजावून सांगितला. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दळण टाकतात कुठून?"

आठवडाभर रोज डबे येत होते. आठवड्यानं तपासनीस आले. मामंजींच्या मागोमाग ते शेडीत शिरले, हातात कागद.

"चक्की कहाँ है?"

"ये देखिए," मामंजींनी मोठ्या अभिमानानं मोटरवरची चादर ओढली.

तपासनिसांनी काचेच्या कपाटाला एक फेरी घातली. कागद वाचला. पुन्हा फेरी घातली. मामंजींनी त्यांना बसवून चार अंगणं फिरवून आणलं. आवाज नाही, धूर नाही, आणि आत सासूबाईंनी वाळवलेल्या मेथ्यांचा थोडा वास. तपासनीस माणूस भला होता. उतरले तेव्हा खूश होते. पण म्हणाले, "बाबूजी, गाड़ी बहुत अच्छी है. मगर मेरे कागज पे चक्की है. महीनेभर में चक्की नहीं दिखी तो कनेक्शन काटना पड़ेगा. नया अर्ज दे दीजिए, गाड़ी के नाम से."

"आणि मंजुरी कुठून यायची?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

तपासनीस जरा ओशाळले. "अभी तो दफ्तर यहीं है. मगर अर्ज पहुँचने तक... ग्वालियर से."

मामंजी दोन दिवस धड जेवले नाहीत. बाबूला चक्कीची उपमा आपणच पुरवली, हे आता त्यांच्या लक्षात आलं होतं आणि ते आपल्या मुलाकडे बघत नव्हते. हेही त्यांच्याकडे बघत नव्हते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मिस्त्रींना पोह्यांवर बोलावलं.

"ह्या पहिल्या पिंपाला पट्टा लावला तर दगड फिरेल का?"

मिस्त्रींनी घास तोंडातच ठेवून विचार केला. "फिर जाएगा, भाभीजी."

"आणि गाडीची बिजली?"

"सुबह पट्टा चक्की पे. दोपहर को पट्टा उतार दो, जोडी फिर जोडी."

सासूबाई मामंजींकडे वळल्या आणि मला मध्ये न घेता थेट बोलल्या. "अहो, त्यांच्या कागदावर चक्की आहे ना? मग चक्की दाखवू."

अशी आमच्या घरी चक्की आली. सकाळी आठ ते बारा दळण, दोन ते पाच मोटर. वेळापत्रक खडूनं शेडीच्या दारावर लिहिलेलं. सकाळच्या पाळीच्या प्रमुख सासूबाई. पट्टा घालायला, दगडाला टाकी लावायला त्या मिस्त्रींकडून शिकल्या, आणि पंधरा दिवसांत आवाजावरून सांगायला लागल्या की पीठ जाड पडतंय. तपासनीस पुन्हा आले, चक्की पाहिली, दोन शेर बेसन दळून घेऊन गेले. एकच अडचण होती. पीठ उडून मोटरवर बसायचं. दुपारी मामंजी यायचे तेव्हा काचेचं कपाट पांढरं झालेलं असायचं आणि त्यावर कुणा ना कुणा बाईनं बोटानं राम राम लिहिलेलं असायचं.

पण मोटर चालायला लागली. रोज संध्याकाळी मामंजी फेटा बांधून गल्लीत एक चक्कर मारायचे. आवाज नसल्यामुळे समोरची माणसं बाजूला होत नसत, म्हणून त्यांनी पितळी घंटा लावली. घंटा ऐकून लोकांना वाटायचं कुल्फीवाला आला. घरी येईतो मागे सात-आठ मुलं असायची, निराश झालेली.

मग अश्विनात मामंजींनी जाहीर केलं, "सूनबाईला मोटरनं माहेरी पोचवणार."

माझं माहेर मानपूर. महूच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्यावर. वडील तिथे शाळेत मास्तर होते. दिवाळसणानंतर मी माहेरी गेले नव्हते, वर्ष होत आलं होतं. मामंजींचा हिशेब असा की भरल्या बॅटऱ्यांवर मोटर तीस मैल जाते आणि मानपूर अठ्ठावीस. तिथे दोन दिवस राहायचं, बॅटऱ्या भरायच्या आणि परत यायचं. त्यासाठी मिस्त्रींनी प्रवासाचा खास चार्जर बनवला. रेडिओवाल्यांकडे असतो तसा, लाकडी पेटीत काचेचे मोठे दिवे बसवलेला. साध्या दिव्याच्या कनेक्शनवर चालणारा, फक्त सावकाश.

"साध्या कनेक्शनवर?" यांनी विचारलं. "मग हा आधीच का नाही बनवला?"

मिस्त्री पोह्यांत लिंबू पिळत राहिले.

आता खरं सांगते. मानपूरला तेव्हा बिजली नव्हती. ना शाळेत, ना बाजारात, ना आमच्या घरी. कंदील आणि चिमण्या. मामंजी माझ्या लग्नात दोन दिवस तिथे राहिले होते, पण मांडवात गॅसबत्त्यांचा इतका लखलखाट होता की त्यांच्या ते ध्यानात आलं नसावं. मला ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. दोन-तीनदा जीभ टाळ्याला लागली. पण आईच्या हातचं ज्वारीचं थालीपीठ डोळ्यांपुढे यायचं आणि मी पुन्हा गप्प.

सकाळी सातला निघालो, मामंजी आणि मी. यांना ऑफिस होतं, सासूबाईंना चक्की. पुढच्या पेटीवर अनारशांचा डबा, मागे चार्जरची पेटी. राऊपर्यंत मोटर सुरेख गेली. महूला लोक रस्त्यात थांबून बघत होते आणि मामंजी घंटा वाजवून सलाम घेत होते. पण महूच्या पुढे रस्ता चढाला लागला. आधी आम्ही सायकलींच्या मागे पडलो, मग बैलगाड्यांच्या. एक शेळ्या राखणारी म्हातारी काही वेळ आमच्या बरोबरीनं चालली, मामंजींची विचारपूस केली आणि मग तिला घाई होती म्हणून पुढे गेली. मानपूर दोन मैलांवर राहिलं आणि मोटर उभी राहिली. काही आवाज न करता उभी राहिली, त्यामुळे आम्हालाही जरा उशिरानं कळलं.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला. "पेट्रोल खतम?"

"यात पेट्रोल नसतं."

ड्रायव्हरनं मदतीच्या भावनेनं पुढची पेटी उघडली. आत सहा बॅटऱ्या. तो मागे गेला, मागची पेटी उघडली. आत आणखी सहा. परत येऊन त्यानं हळू आवाजात विचारलं, "बाबूजी, इंजन कब चोरी हुआ?"

त्यानं दोर बांधून आम्हाला गावात आणलं. वडील धावत बाहेर आले, आई दारात. मामंजी उतरले, फेटा सारखा केला, चार्जरची पेटी काखेत घेतली.

"प्रवास कसा झाला, व्याहीबुवा?"

"उत्तम. प्लग कुठे आहे?"

"काय कुठे आहे?"

मामंजी ओसरीवर चढले आणि वायरीचं टोक हातात धरून भिंतीवर शोधायला लागले. खुंटी होती, कॅलेंडर होतं, कोनाड्यात कंदील होता. ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे गेले, मग माजघरात डोकावले. वडील कंदील घेऊन त्यांच्या मागे, भर दुपारी, काहीतरी हरवलंय असं समजून. मी आईच्या पदराआड उभी होते. तेवढा एक क्षण मला माझी फार लाज वाटली. पुढच्या क्षणी आईनं माझा हात धरला आणि मी सगळं विसरले.

दोन दिवसांचे आठ झाले. कापसाचे दिवस होते, इंदूरकडे जाणारे सगळे ट्रक गच्च भरलेले. मोटर शाळेच्या अंगणात उभी होती. वडिलांनी तीन वर्ग तिच्याभोवती बसवून बिजलीवर धडा घेतला आणि मामंजींनी तो पुरा केला, झुला आणि नळासकट. चौथ्या दिवशी त्यांनी एक बॅटरी सोडवून आणली. तिच्यात अजून थोडा जीव होता. तिला त्यांनी मोटरच्या आतला छोटा दिवा जोडला आणि आईच्या चुलीवर खुंटीला टांगला. तिन्हीसांजेला तो लागला. आईनं वर पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, केवढी ही काजळी!" दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चुना कालवला. तीन संध्याकाळी तिनं त्या दिव्याखाली भाकऱ्या थापल्या, आणि शेजारपाजारच्या बायका तेवढंच बघायला येऊन जायच्या. मामंजी ओसरीवर बसून कुणाकुणाला व्होल्ट समजावून सांगत होते.

नवव्या दिवशी रिकामा ट्रक मिळाला. शाळेच्या ओट्यावरून फळ्या टाकून मोटर वर चढवली. मी आणि मामंजी ड्रायव्हरशेजारी बसलो. महू मागे पडलं तसं माझ्यानं राहवेना.

"मामंजी," मी म्हटलं, "मला माहीत होतं. मानपूरला बिजली नाही ते."

ते समोर बघत होते. मला वाटलं ट्रकच्या आवाजात ऐकू गेलं नाही. मग ते म्हणाले, "बरं केलंस बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी निघालोच नसतो."

घरी पोचलो तेव्हा सासूबाई पिठानं पांढऱ्या झालेल्या, पट्टा उतरवत होत्या. ट्रकवर चढलेली मोटर त्यांनी पाहिली, मग आम्हा दोघांना पाहिलं. "दोन दिवसांचे नऊ?"

"रस्ता खराब होता," मामंजी म्हणाले, आणि हातपाय धुवायला विहिरीवर गेले.

मोटर पुढे तीन वर्षं चालली, गावातल्या गावात. मग बॅटऱ्या एकेक करून बसल्या, तशा दुसऱ्या मिळेनात, आणि मामंजींचे गुडघेही दुखायला लागले. त्यांनी ती एका तंत्रशाळेला देऊन टाकली, मुलांना शिकायला म्हणून. पोचवायला स्वतः गेले. संध्याकाळी पायी परत आले, फेटा काढून खुंटीला लावला आणि मला म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. आलं घाल जरा."